ताडपत्रीखालची ॲम्ब्युलन्स

आमच्या गावच्या आरोग्य केंद्रात ॲम्ब्युलन्स दोन होत्या. एक चालत नव्हती आणि दुसरी चालवायची नव्हती.

चालत नव्हती ती जुनी. तिची पुढची चाकं काढून तिला विटांवर बसवलं होतं आणि बॉनेटखाली मांजर व्यायली होती. दुरुस्तीसाठी निधी मागितला, तर वरून उत्तर आलं की तुम्हाला नवीन गाडी मंजूर झाली आहे, तेव्हा जुनीसाठी आता काही मिळणार नाही. नवीन आली ती मात्र थाटात. पांढरीशुभ्र, डोक्यावर निळा दिवा, आत चाकांचं स्ट्रेचर. दोन्ही अंगांना आमच्या साहेबांचा हात जोडलेला फोटो, जिवंत माणसाच्या उंचीचा, आणि त्यांच्या पायाशी मुंगीएवढ्या अक्षरांत ‘राज्य शासनाच्या निधीतून’. नारळ फोडायची तारीख ठरली, मांडवाची सुपारी गेली, आणि तेवढ्यात निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली. नारळ राहिला.

साहेब म्हणजे आमच्या भागाचे पुढारी. आणि माझा नवरा दादासो म्हणजे त्यांचा लग्नाआधीपासूनचा कार्यकर्ता. साहेब एकदा आमच्या घरी जेवले, ते ताट आजही माळ्यावर वेगळं ठेवलंय. मी एकदा त्यात पापड वाळत घातले तर दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. माणूस वाईट नाही हो. कुणाच्या मयताला, कुणाच्या लग्नाला, पहिला हजर. पण साहेब म्हटलं की त्याचा कणा लवायचा, आणि लवलेला कणा पुन्हा सरळ व्हायला वेळ लागायचा.

आचारसंहिता लागल्यावर तालुक्याहून दोन माणसं रद्दीचे कागद आणि खळीचा डबा घेऊन आली. फोटो झाकायला. दादासोनं त्यांना चहा पाजला, पोहे खाऊ घातले आणि म्हणाला, “साहेबांच्या तोंडावर रद्दी डकवता व्हय? जावा तुम्ही. मी बघतो काय ते.” ऊन मरणाचं होतं. ती दोघं निघून गेली.

संध्याकाळी त्यानं नवीकोरी निळी ताडपत्री आणली आणि कडब्याची गंजी बांधावी तशी अख्खी गाडी झाकून दोरखंडानं आवळली. गावाला सांगितलं, “आदेश हाय. नारळ फुटल्याबिगर कुणी हात लावायचा न्हाय.” आदेश दाखवा असं कुणी म्हणालं नाही. डॉक्टरीणबाई नवीन होत्या, ड्रायव्हर प्रसेनजीत कंत्राटी होता, आणि बाकीच्या गावाला काय, झाकलेली वस्तू सरकारीच वाटते.

किल्ली घरी आली. आमच्याकडं नव्या गाडीची किल्ली पूजा होईपर्यंत देवापुढं ठेवतात. जोतिबाच्या फोटोपुढं ती ठेवली, आणि रोज सकाळी देवांबरोबर मी तिलाही हळदकुंकू लावत होते. महिन्याभरात तिच्यावर हळदीचा थर बसला. मलाही वाटायचं, आपल्या घरात काहीतरी मोठं आलंय.

त्या दिवशी दादासो पहाटेच कोल्हापूरला गेला होता. शाहूपुरीत साहेबांचं प्रचार कार्यालय होतं, तिथं बैठक होती. आमची तेजस्वी, एकुलती एक, कोल्हापूरला सायन्सला आहे, ती परीक्षा संपवून आदल्याच दिवशी घरी आलेली. मी म्हशीचं दूध काढत होते. चुलीवर आंघोळीचं पाणी होतं, जाळ विझत आलेला.

“तेजू, दोन शेणी आण गं.”

“आणतो की,” म्हणाली. आमच्याकडच्या पोरी अशाच बोलतात, पोरांसारख्या.

परसात शेणी रचून केलेला हुडवा आहे, उसाच्या पाचटानं शाकारलेला. तिनं खालच्या बाजूनं हात घातला. ओरडली नाही. चालत गोठ्यात आली आणि हात पुढं करून म्हणाली, “आई, काहीतरी चावलं.”

अंगठ्याच्या मुळाशी दोन टिपके. सुई टोचावी एवढेच. मी म्हटलं, विंचू असेल. मनाला मी विंचूच सांगत होते. शेजारच्या घरातून माझा चुलतदीर राजवीर आला, त्यानं काठीनं हुडवा उकलला आणि एकदम मागं सरला.

“वैनी, नाग हाय.”

माझ्या हातातली चरवी पडली. दूध कुठं गेलं ते बघायचंही सुचलं नाही. राजवीर भावजींनी मोटरसायकल काढली, तेजूला मध्ये बसवलं, मी मागं बसून तिला कवळ्यात धरलं. तिच्या पाठीवर माझी छाती, आणि दोघींचं काळीज धडधडतंय. माझं जास्त. ती मध्येच म्हणाली, “आई, जीभ जड झाल्यागत वाटायलीय.” मी म्हटलं, “भ्यालीस म्हणून.” भ्याले तर मी होते.

आरोग्य केंद्रात डॉक्टर श्रुती होत्या. पुण्याकडच्या, तिशीच्या आतल्या. त्यांनी खाटेवर झोपवलं, सलाईन लावलं, सापाच्या विषावरचं औषध एकामागून एक त्यात सोडलं. हात भराभर चालत होते, पण ओठ पांढरे पडले होते. त्या सारख्या विचारत होत्या, “तेजस्वी, डोळे उघड. माझ्याकडे बघ.” तेजूच्या पापण्या अर्ध्यावर येऊन थांबत होत्या. झोप आलेल्या लेकरासारख्या. मग बोलणं नाकातून यायला लागलं. मग तोंडातली लाळ तिला गिळेना, ती ओठाच्या कडेनं गळायला लागली, आणि मी पदरानं पुसत राहिले.

“काकू,” डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “औषध दिलंय. पण ते लागू पडेपर्यंत हिचा श्वास चालू ठेवायला लागेल. व्हेंटिलेटर पाहिजे. आत्ताच्या आत्ता कोल्हापूरला न्यायचं.”

त्यांनी सरकारी गाडीसाठी फोन केला. जवळची गाडी अपघाताचा पेशंट घेऊन आधीच कोल्हापूरला गेली होती. दुसरी लांबून यायची, तासाच्या वर लागणार. भावजी म्हणाले, जीप आणतो कुणाची तरी. डॉक्टरांनी मान हलवली. “वाटेत श्वास थांबला तर? आडवं झोपवून, मान धरून, पिशवीनं हवा देत न्यावं लागेल. जीपमध्ये कुठं आणि कसं करू मी?”

खिडकीतून बाहेर आवार दिसत होतं. आवारात ती निळी गंजी. आम्ही सगळे तिकडंच बघत होतो आणि पहिलं तोंड कुणी उघडत नव्हतं.

भावजींनी दादासोचा नंबर लावला, स्पीकर चालू केला आणि फोन तेजूच्या उशाशी ठेवला. तिचे डोळे तोवर पूर्ण मिटले होते. आम्हाला वाटलं, शुद्ध हरपली.

पलीकडं गलका होता, कुणीतरी माईक तपासत होतं. “अवो,” मी म्हटलं, “तेजूला नाग चावलाय.”

“आँ? कुठं? कवा?” त्याचा आवाज फाटला. “काय म्हणत्यात डॉक्टर?”

“कोल्हापूरला न्यायची हाय. आत्ता. नवी गाडी सोडाय सांगा.”

“नवी?”

“व्हय, नवी. दुसरी कुठली हाय?”

“अगं, तिच्यावर साहेबांचा फोटो हाय. आचारसंहिता हाय. रस्त्यात पथकानं धरली तर साहेबांचं निवडणुकीचं…” तो थांबला. रडत होता असं वाटलं. “थांब. साहेब हितंच हाईत, आत. इचारतो आन् लगीच फोन करतो. दोन मिन्टं. तवर तिला धरून ऱ्हा.”

फोन बंद झाला.

आम्ही थांबलो. खरंच थांबलो, आज सांगताना माझाच विश्वास बसत नाही. डॉक्टर खिडकीकडं बघत म्हणाल्या, “माझं नुकतंच सुरू झालंय हो. आदेश मोडला म्हणून निलंबित केलं तर?” प्रसेनजीत दारात चुळबुळत उभा होता. त्याचं कंत्राट दर काही महिन्यांनी नवं व्हायचं, घरी लहान पोर, आणि त्याची सही आमच्या गटाच्या माणसाकडून यायची. भावजी दादासोला भीत होते. दादासो साहेबांना भीत होता. साहेब कुणाला भीत असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक. त्या खोलीत प्रत्येकजण घाबरलेला होता, पण प्रत्येकाचा नाग वेगळा होता. माझ्यापुढं तेवढा खरा होता.

फोन आला नाही. भावजींनी परत लावला, नुसता वाजत राहिला. परत लावला. परत वाजला.

मी तेजूच्या छातीवर हात ठेवला. ती हलत होती, पण रोजच्यासारखी नाही. वरवर, पाण्यावर पान हलावं तशी. भीती इतकी मोठी झाली की दुसऱ्या कुठल्या भीतीला तिथं जागाच उरली नाही.

“भावजी,” मी म्हटलं, “देवघरात जोतिबाम्होरं किल्ली हाय. आणा.”

“दादा काय म्हणंल, वैनी?”

“दादाला मी बघतो! पळा म्हटलं न्हवं?”

ते पळाले. डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मग तेजूकडं, आणि टेबलावरची कात्री उचलून प्रसेनजीतच्या हातात दिली. “दोर काप,” म्हणाल्या. “मी सांगितलं म्हणून काप.” तो कात्री घेऊन आवारात गेला.

ताडपत्री खाली आली तसा धुरळा उडाला आणि साहेब हात जोडून उभे राहिले. मागचं दार उघडलं तर आत पाय ठेवायला जागा नाही. समारंभाचं सगळं सामान तिथंच भरलेलं. खुर्च्या, सॅटिनच्या फिती, शालींचा गठ्ठा, आणि स्ट्रेचरवर नारळांचं पोतं. पेशंटच्या जागी नारळ झोपवले होते. मी ते पोतं दोन्ही हातांनी ओढलं, ते फाटलं, आणि नारळ आवारभर गडगडत गेले. जुन्या गाडीखालची मांजर पिलं टाकून पळाली.

भावजी किल्ली घेऊन आले. प्रसेनजीतनं हळद पँटला पुसली, किल्ली फिरवली. टक् एवढाच आवाज. परत फिरवली. परत टक्. महिनाभर उभी राहून बॅटरी उतरली होती.

“ढकला!” तो ओरडला.

एसटीच्या थांब्यावर बसलेली माणसं धावत आली. आमच्या गटाची आणि पलीकडच्या गटाचीही. एरवी एकमेकांच्या डेअरीला दूध घालत नाहीत ही माणसं. खांद्याला खांदा लावून त्यांनी ती गाडी उतारापर्यंत नेली, आणि एक गचका देऊन ती चालू झाली. मला देव आठवला नाही, त्या इंजिनाचा आवाज मात्र अजून कानात आहे.

तेजूला आत घेतल्यावर डॉक्टरांनी पहिल्यांदा ऑक्सिजनची चावी फिरवली. काही आवाज आला नाही. त्यांनी काट्याकडं पाहिलं, सिलिंडरवर बोट वाजवलं. रिकामा. निधीतून सिलिंडर आला होता, त्यात भरायची हवा नारळानंतर यायची होती. केंद्रातला सिलिंडर माणसाएवढा, तो आत उभा राहीना.

“साध्या हवेवर चालेल,” डॉक्टर म्हणाल्या. माझ्याशी बोलत होत्या की स्वतःशी, कळलं नाही. “पण हात थांबायला नकोत.”

वाटेतलं कोडोली गाव यायच्या आत तेजूचा श्वास थांबला.

थांबला म्हणजे काय, ते मला नीट सांगता येणार नाही. छाती वर आली नाही, एवढंच. मी वाट बघितली की आता येईल, आणि ती आली नाही. डॉक्टरांनी रबरी मास्क तिच्या तोंडानाकावर दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरला, मान मागं केली, आणि त्याला जोडलेली पिशवी माझ्या हातात दिली. “दाबा. सोडा. तुम्ही श्वास घेता तेवढ्याच वेगानं. घाई नको.”

मी दाबली. छाती वर आली. सोडली, खाली गेली. वीस वर्षं मी म्हशी पिळल्यात, हाताला सवय होती. पण तिथं चुकलं तर दूध सांडतं. इथं काय सांडणार होतं ते समोर दिसत होतं. निळसर पडलेली नखं. गळ्यातला दोरा. आणि तिचा चेहरा, जसा काही कुणाचाच नाही.

“बोला तिच्याशी,” डॉक्टर म्हणाल्या.

“शुद्ध कुठं हाय तिला?”

“आहे. नागाच्या विषानं अंग हलत नाही, डोळे उघडत नाहीत. पण आत माणूस जागा असतो, काकू. तिला सगळं ऐकू येतंय. मघापासून येतंय.”

माझा हात थांबला. “दाबा!” त्या ओरडल्या, आणि मी दाबली.

मघापासून. म्हणजे उशाशी फोन होता तेव्हाही. म्हणजे बापाचा फाटलेला आवाज, आणि त्यानंतरचं ते सगळं. साहेबांना इचारतो. आणि नंतर आम्ही गप्प उभे होतो तेही. हात हलवता येत नाही, ओरडता येत नाही, श्वास अपुरा पडतोय, आणि कानावर हे येतंय. नाग चावल्यापासून मी भ्याले होते, पण त्या क्षणी जी भीती वाटली ती वेगळी होती. पोरगी जगली तरी आपण तिला काय तोंड दाखवायचं, ही.

मी बोलायला लागले. काय वाट्टेल ते. म्हशीनं आज दूध कमी दिलं. तुझा हिरवा ड्रेस मी इस्त्रीला टाकलाय. सुट्टीत नरसोबावाडीला जाऊया, तुला बासुंदी आवडते न्हवं. आणि मग, कसं कोण जाणे, तोंडातून निघालं, “बाबा दवाखान्यात म्होरं थांबल्यात. डॉक्टरास्नी सांगून ठेवलंय त्यांनी.” ते खरं असावं म्हणून मी पिशवी दाबत होते.

कोडोलीच्या बाजारात गर्दी होती, सायरन ऐकून वाट मिळाली. पण हायवेला लागायच्या अलीकडं रस्त्यात आडवा बांबू होता. निवडणुकीचं पथक. तंबू, खुर्च्या, एक पोलीस, एक कॅमेरावाला, आणि गळ्यात ओळखपत्र घातलेला एक अधिकारी. तोच पुढं आला.

“थांबा, पावणं. गाडीवर पुढाऱ्याचा फोटो उघडा हाय. बाजूला घ्या.”

“पेशंट हाय, सायेब,” प्रसेनजीत म्हणाला. “गाडी झाकायचा आदेश हुता ते ठाऊक हाय. पर पेशंट लई शिरेस हाय.”

“गाडी झाकायचा?” तो माणूस चकित झाला. “कुणी दिला? फोटो झाकायला सांगितलं हुतं. कागद आन् खळ दिऊन माणसं पाठवल्याली मी सगळीकडं. ॲम्ब्युलन्स कोण झाकतंय व्हय?”

हे मी मागून ऐकत होते. दाबत होते, सोडत होते, आणि ऐकत होते. असा आदेश कधी नव्हताच. साहेबांच्या तोंडाला खळ लागू नये म्हणून माझ्या नवऱ्यानं अख्खी गाडी झाकली, आणि गावानं त्याला आदेश मानला. आणि मी त्या किल्लीची पूजा केली.

मागचं दार उघडलं. कॅमेरा आधी आत आला, त्यामागं माणसं.

“घे!” मी ओरडले. “घे शूटिंग! सायबाच्या फोटोचं घे, माझ्या पोरीचं पण घे. हिला श्वास न्हाय, मी द्यायलोय. ह्याचं बी घे!”

कॅमेरावाल्यानं कॅमेरा खाली केला. तो अधिकारी तेजूकडं बघत राहिला. त्याच्याही कपाळावर घाम होता. त्याच्याही वर कुणी असणारच. मग त्यानं स्वतः जाऊन बांबू उचलला आणि पोलिसाला ओरडला, “मोटरसायकल काढ. कोल्हापुरात शिरतानाचा तावडे हॉटेलचा चौक मोकळा करून दे त्यांना.” दार लावता लावता मला म्हणाला, “परत येताना थांबा, बाई. पंचनामा करायचा हाय.”

परत येताना. त्या माणसाला कळलंही नसेल त्यानं मला काय दिलं. आम्ही परत येणार आहोत असं कुणीतरी धरून चाललं होतं. कोल्हापूर येईपर्यंत मी ते दोन शब्द धरून दाबत राहिले.

दवाखान्याच्या दारात त्यांनी तेजूला घेतलं तेव्हा माझी बोटं उघडेनात. एका नर्सनं ती एकेक करून सोडवली. दारात दादासो नव्हता.

तो नंतर आला. तोवर तेजूला मशीन लागलं होतं आणि मी बाकावर बसले होते. धावत आला, गळ्यात साहेबांचा गमछा तसाच, आणि काचेतून तिला बघून मटकन खाली बसला. कपाळ बडवून घेत होता. शाहूपुरी तिथून चालत येण्याच्या अंतरावर आहे. इतका वेळ कुठं होता, असं मी त्याला विचारलं नाही. विचारायची भीती वाटली. काही उत्तरं अशी असतात की ती ऐकल्यावर घरी जाऊन स्वयंपाक करता येत नाही.

औषध लागू पडलं. आधी तिच्या पायाचं बोट हललं, मग पापण्या उघडल्या, मग एके सकाळी घशातली नळी काढली. डॉक्टर म्हणाले, थोडं थोडं पाजा. दादासो खाली पळाला आणि शहाळं घेऊन आला. इतक्या दिवसांत तो तिथून हलला नव्हता. प्रचारालाही गेला नव्हता, त्याच्या आयुष्यात पहिल्यांदा. गमछा कुठं गेला होता कोण जाणे. तो चमच्यानं पाणी तिच्या ओठांना लावत होता, आणि सांडलेलं हातानं पुसत होता.

तेजूनं दोन चमचे घेतले. मग त्याच्याकडं बघून, घोगऱ्या, खरवडलेल्या आवाजात म्हणाली,

“बाबा, साहेब काय म्हणाले?”

तिच्या आवाजात राग नव्हता. तिला खरंच ऐकायचं होतं. इतके दिवस आत पडून ती त्या फोनची वाट बघत होती.

“बोलाय मिळालंच न्हाय, बाळ,” दादासो म्हणाला. “आत मिटिंग चालू हुती. मी भाईरनं लावला तर साहेबांनी फोन उचलला न्हाय. मी दारात हुतो. किती येळ दारातच हुतो.”

“दार बंद होतं?”

त्यानं चमचा शहाळ्यात ठेवला. शेजारच्या खाटेवरच्या बाईनं कूस बदलली, कुणीतरी स्टीलचा डबा उघडला. मला वाटलं, व्हय म्हणावं त्यानं. एकदा खोटं बोलावं. मी नाही का बोलले गाडीत?

“न्हाय,” तो म्हणाला. “कडी न्हवती. नुसतं लोटलेलं हुतं.”

तेजूनं डोळे मिटले. मी लगेच तिच्या छातीवर हात ठेवला. ती वर आली, खाली गेली. झोपली होती. तरी मी हात काढला नाही.